पितळी पिन

आश्विनाचं ऊन. भाद्रपदाच्या ओल्या कुशीतून नुकतंच न्हाऊन निघालेलं, हळदीच्या अंगाचं, कोवळं कोवळं ऊन. हिरण्यकेशीच्या दोन्ही काठांवर भात निसवून लवलेलं, आणि त्या हरित-सुवर्ण विस्तारावरून वारा गेला की सगळं शिवार एकदम मान डोलवायचं. सारवलेली अंगणं, दारोदारी झेंडूचे ढीग, घटावर चढलेली नववी माळ. माळेवाडीत खंडेनवमीची सकाळ झाली होती.

खंडेनवमी म्हणजे हत्यारांचा विसावा. वर्षभर राबलेलं लोखंड त्या दिवशी राबत नाही. नांगराचा फाळ, विळा, कोयता, सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, सगळं धुऊन-पुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू वाहायचं, आणि दसरा उजाडेपर्यंत त्याला कामासाठी हात लावायचा नाही. माणसाला बावन्न रविवार असतात. लोखंडाला ही एकच नवमी.

श्रीपती गुरुजींच्या अंगणात त्या सकाळी शस्त्राच्या मानाने उभी होती ती त्यांची फटफटी. काळी टाकी, रुपेरी कडा, गोल डोळ्याचा एकच दिवा. वय वर्षं छत्तीस. हिच्याच पाठीवरून गुरुजींनी डोंगरकपारीतल्या सात शाळा केल्या. तिचा आवाज लांबून कानावर आला की पोरांच्या हातातल्या गोट्या खिशात जायच्या आणि पाढे ओठांवर यायचे.

गुरुजी म्हणजे शुभ्र माणूस. पांढरा सदरा, पांढरा लेंगा, पांढरी मिशी, परीटघडीची पांढरी टोपी. त्यांचा शब्द म्हणजे गावात काळ्या दगडावरची रेघ. फळ्यावर एखादा काना चुकलेला दिसला तर त्यांना जेवण जात नसे. चूक त्यांना सहनच होत नसे. दुसऱ्याची तर मुळीच नाही.

निवृत्तीपासून चार वर्षं फटफटी ताडपत्रीखाली निजली होती. पण या नवरात्रात, तिसऱ्या माळेच्या दिवशी, त्यांच्या पत्नी सगुणाबाई झेंडू ओवता ओवता सहज बोलल्यासारखं बोलल्या, "यंदा शिलंगणाला मला माहेरी फटफटीवरनं न्या. एस्टीनं जाऊन जाऊन कट्टाळा आला."

गुरुजी बायकोकडे बघतच राहिले. बारा वर्षांपूर्वी याच फटफटीच्या मागच्या बैठकीवरून त्या नदीच्या उतारावर पडल्या होत्या. डावा पाय तेव्हापासून गुडघ्यात दुमडत नाही. देवळात, पंगतीत, अंगणात, जिथे बसतील तिथे तो सरळ पसरलेला. बारा वर्षांत त्यांनी ना फटफटीचं नाव काढलं होतं, ना त्या उताराचं. आणि आता आपणहून म्हणत होत्या, न्या.

मग काय, गुरुजींना हुरूप चढला. शाळेतून रद्द झालेला, कापडी पाठीचा जगाचा नकाशा त्यांनी अंगणात अंथरला. ही त्यांची जुनी पद्धत. फटफटीचा जो भाग सुटेल तो नकाशावर ठरलेल्या जागी ठेवायचा. प्लग प्रशांत महासागरात, कार्बोरेटर आफ्रिकेत, वायसर ऑस्ट्रेलियात, ब्रेकच्या पट्ट्या रशियात. जोडताना उलट्या क्रमाने जग मोकळं करत यायचं. "माझ्या हातून वायसरसुद्धा इकडची तिकडे होत नाही," असं ते गावाला ऐकवत आले होते, आणि गावही मान हलवत आलं होतं.

दिवसामागून दिवस ते नकाशाच्या कडेला बसून राहिले. प्लगवरची काजळी पॉलिश पेपरने घासली. कार्बोरेटर पेट्रोलने धुतला, त्याच्या बारीक भोकांत फुंकर मारून पाहिली. केबलींत थेंब थेंब तेल सोडलं. साखळी रॉकेलमध्ये रात्रभर भिजवली, तेव्हा चार वर्षांचा काळपट चिखल डबड्याच्या तळाशी बसला आणि कड्या उजळ निघाल्या. अष्टमीला संध्याकाळी गुरुजींनी किक मारली. एक, दोन, सात, अकरा. बाराव्या किकला फटफटी खोकली, शिंकली, निळ्या धुराचा लोट सोडून एकदम गाऊ लागली. फट्, फट्, फट्, फट्! सगुणाबाई दारातून हसल्या. गुरुजींना ते हसू लाख मोलाचं वाटलं.

फक्त एक अडलं होतं. साखळी ताणताना मागच्या चाकाच्या नटातली गंजकी पिन मोडली. ही पिन म्हणजे बोटाच्या पेराएवढी, दोन पायांची तार. नटाच्या आरपार घालायची आणि पलीकडून तिचे पाय फाकवून ठेवायचे. एवढीशी वस्तू, पण ती नसली की नट फिरतो, आणि नट फिरला की चाक निघतं. नवी कुठून तरी मिळवू, असं म्हणत गुरुजी झोपले.

नवमीला सकाळी, पिन सोडली तर, उरलं होतं ते फक्त पुसणं. फडकं हवं होतं. गुरुजी मागच्या खोपीत गेले. तिथे, खताच्या रिकाम्या पोत्यांमागे, खिळ्याला एक टोपी लटकली होती. कधीकाळची पांढरी, आता तेलाने, धुळीने, कोळिष्टकांनी मातकट झालेली. ही त्यांची कामाची टोपी. त्या अपघातानंतर गुरुजींनी घरी पाना हातात धरणं सोडलं आणि फटफटी तालुक्याच्या गावी नेऊन द्यायला लागले. का सोडलं, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. त्यांनीही स्वतःला कधी विचारलं नव्हतं.

ती टोपी घेऊन ते उन्हात आले आणि फडक्यासाठी त्यांनी ती टर्रकन फाडली.

पट्टीच्या घडीतून काहीतरी सुटलं. बारीक किणकिणत नकाशावर पडलं, हिंदी महासागरात.

पिवळं. पितळेचं. दोन पायांचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा किंचित लांब.

गुरुजी उकिडवे बसले. त्या इवल्याशा वस्तूवर आश्विनाचं ऊन पडलं होतं आणि ती झळकत होती. लोखंडाची असती तर एव्हाना गंजून तिची माती झाली असती, कुणाला ओळखू आली नसती. पितळ गंजत नाही.

ती पिन कोणाची, हे सांगायला कुणी लागत नव्हतं. माळेवाडीच काय, सगळ्या पंचक्रोशीत तशी पिन एकच माणूस करायचा. सिद्राम लोहार. भात्यापुढे जन्मलेला आणि इंजिनाच्या नादी लागलेला. फटफटी नदीपलीकडे असतानाच नुसत्या आवाजावरून तिचं दुखणं सांगणारा. गाव त्याला लोहार म्हणत नसे, मिस्त्री म्हणे. सिद्राम पिना विकत आणत नसे. पितळी तार तोडून स्वतः वळवायचा, आणि पकडीत नीट धरता यावा म्हणून एक पाय मुद्दाम लांब ठेवायचा.

आणि मग, गढूळ पाणी निवळावं आणि तळ दिसावा, तशी ती बारा वर्षांपूर्वीची सांज गुरुजींना दिसू लागली.

त्या दिवशी सिद्रामने मागचं चाक खोलून, ग्रीस भरून, परत जोडून दिलं होतं. काम चोख होतं. पण दुसऱ्याच्या वहीवर लाल शाई फिरवल्याशिवाय गुरुजींना करमायचं नाही. साखळी जरा सैल वाटतेय, असं म्हणत त्यांनी नकाशा अंथरला. पिन काढली. बारीक पिन नकाशावरून घरंगळते, म्हणून तिची जागा टोपीच्या पट्टीत. ही त्यांची सवय. नट ढिला केला, साखळी ओढली, नट आवळला. नकाशावर काही उरलं नाही, म्हणजे सगळं जागेवर गेलं! आतून हाक आली, जेवण निवतंय. टोपी खिळ्याला अडकली. दुसऱ्या दिवशी सासुरवाडीला जायचं म्हणून डोक्यावर परीटघडीची टोपी चढली.

आणि नदीच्या उतारावर चाक निघालं.

तिसऱ्या दिवशी गुरुजींनी सिद्रामला पारावर बोलावलं. पिंपळाखाली अख्खं गाव जमलं होतं. सिद्राम हात जोडून म्हणाला, "गुरुजी, पिन मी घातलीया. पितळी. माज्या या हातानं." तेव्हा गुरुजी, ज्यांनी उभ्या जन्मात चारचौघांत कुणाचा पाणउतारा केला नव्हता, ते कडाडले होते, "तुझं पितळ उघडं पडलं, सिद्राम! माझ्या बायकोचा पाय गेला. आजपासून याला कुणी मिस्त्री म्हणायचं नाही."

कुणी म्हटलं नाही. गुरुजींचा शब्द! महिन्याभरात सिद्रामच्या दारातल्या गाड्या हटल्या. ऑइलचे डबे गेले, पान्यांची पेटी गेली, टायरांचा ढीग गेला. तो पुन्हा भात्यापुढे बसला आणि विळे-खुरपी घडवू लागला. गुरुजी त्या गल्लीने कधी गेले नाहीत.

आता अंगणात ऊन चढत होतं आणि गुरुजींना लाज वाटत होती. साधी, उघडी, नागवी लाज. कानाच्या पाळ्या तापल्या, मान वर होईना, धरणीने दुभंगून पोटात घ्यावं असं झालं. पण धरणी कुठली दुभंगते! ती सारवलेली, रांगोळी काढलेली, सणाची धरणी होती. गुरुजींना सगळ्यात टोचत होतं ते वेगळंच. आपण हे विसरलो होतो, की विसरायचं ठरवलं होतं?

सगुणाबाई ओसरीवर पाय पसरून माळ ओवत होत्या. गुरुजी त्यांच्यासमोर येऊन उभे राहिले आणि त्यांनी तळहात पुढे केला. तळहातावरची पिन सगुणाबाईंनी पाहिली, फाटकी टोपी पाहिली, नवऱ्याचं तोंड पाहिलं. मग माळेची गाठ बसवली.

"दवाखान्यात मी इचारलं हुतं," त्या शेवटी म्हणाल्या. "आदल्या सांजेला तुम्ही साखळी ओढत हुता न्हवं, म्हनून. तुम्ही म्हनालासा, तुला काय कळतंय त्यातलं."

गुरुजींना ते आठवलं. तेही आठवलं.

"सगुणा, मी…"

"मला सांगून काय व्हनार? माजा पाय काय आता दुमडायचा न्हाई. ज्याला सांगायचं त्याला सांगा." आणि उठून, पाय ओढत, त्यांनी नववी माळ ओवून उरलेल्या झेंडूंची ती माळ फटफटीच्या हँडलला बांधली. "ऱ्हाऊ दे ती. सन हाय."

तर अशी निघाली गुरुजींची वरात. हँडलला झेंडूची माळ, सदऱ्याच्या खिशात पिन, आणि बिनपिनेच्या चाकाची भरभक्कम फटफटी हाताने ढकलत चाललेले बासष्ट वर्षांचे गुरुजी. पितळी पिन दसऱ्याला घरीच पकडीने बसवता आली असती. पण त्या पिनेला हात लावायचा आपल्याला हक्क उरला आहे असं त्यांना वाटेना. गल्लीत चढ होता. श्वास भरून येत होता. प्रत्येक धक्क्याला माळेतली एखादी पाकळी गळत होती, पिवळी, केशरी, पुन्हा पिवळी. गुरुजी खाली बघून चालत होते.

पाण्याच्या टाकीपाशी आनंदा भेटला. गुरुजींचाच जुना विद्यार्थी, आता नातवंडांचा आजा. "काय गुरुजी, ढकलत? प्याट्रोल संपलं व्हय?"

इथे सांगायला हवं होतं. जीभ वळली होती. पण लाज मोठी चतुर असते, ती खोटं बोलायला आधी शिकवते. "हो," गुरुजी म्हणाले, "संपलं."

"आरारा! थांबा, माज्या गाडीतलं काडून आनतो."

"नको, नको रे," म्हणत गुरुजी भराभरा पुढे सुटले. चौथीत ज्याच्या तळहातावर त्यांनी खोटं बोलल्याबद्दल छडी मारली होती तो हाच आनंदा. एका खोट्याचं ओझं फटफटीपेक्षा जड झालं.

पिंपळाचा पार आला. तोच पार, तोच पिंपळ, पानांची तीच अखंड सळसळ. सणाच्या दिवशी सगळी जाणती मंडळी तिथे बसलेली. गुरुजी मान खाली घालून पुढे सटकणार, तोच मागून आनंदा धावत आला. हातात पेट्रोलची बाटली, चेहऱ्यावर गुरुसेवेचा आनंद. गुरुजी काही बोलायच्या आत त्याने टाकीचं झाकण उघडलं, आत डोकावला, आणि पार दणाणेल अशा आवाजात म्हणाला, "गुरुजी! टाकी तर गळ्यापतोर भरल्याली हाय की!"

पारावरच्या माना वळल्या.

गुरुजींनी फटफटी स्टँडवर लावली. डोक्यावरची परीटघडीची टोपी काढली. बारा वर्षांपूर्वी ज्या जागी उभं राहून ते कडाडले होते, त्याच जागी आज ते उभे होते, बोडके, घामेजलेले. खिशातून पिन काढून त्यांनी दोन बोटांत उंच धरली.

"पेट्रोल संपलेलं नाही. मी खोटं बोललो," ते म्हणाले. "ही सिद्रामची पिन. त्याने घातली होती. मी काढली, माझ्या टोपीत ठेवली आणि विसरलो. सगुणाचा पाय माझ्यामुळे गेला. सिद्राम खरं बोलत होता."

पिंपळ सळसळला. कुणी तंबाखू मळता मळता थांबला, कुणी नदीकडे बघू लागला. त्यांनाही स्वतःची लाज वाटली असावी. मिस्त्री म्हणायचं सोडलं होतं ते त्यांनीच. आनंदाने बाटलीचं बूच हळूच लावलं. गुरुजींनी फटफटी स्टँडवरून काढली आणि पुढे ढकलली.

लोहारगल्लीच्या टोकाला सिद्रामचं घर. भाता थंड, निखारे विझलेले. दारात पाटावर हत्यारं मांडलेली: घण, हातोडी, सांडशी, छिन्नी. शेजारी ऐरण, धुऊन लख्ख केलेली, तिच्या माथ्यावर एकच टपोरा झेंडू. आणि एका कोपऱ्यात, तेल लावून पुसलेले, दोन जुने पाने आणि एक पक्कड. बारा वर्षं गाड्यांना न लागलेली ती तीन हत्यारं सिद्रामने अजून पूजेतून काढली नव्हती.

सिद्राम हळदकुंकवाची वाटी घेऊन बसला होता. केस पिकले होते. चाकाची चाहूल लागून त्याने मान वर केली आणि तशीच ठेवली.

गुरुजींनी पिन पुढे केली. "टोपीत होती. माझ्या."

एवढंच म्हणता आलं. एवढंच पुरलं.

सिद्रामने पिन घेतली. उन्हाकडे धरली. लांब पायावरून अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला.

"बारा वर्सं," तो म्हणाला. रागावून नाही, राग असता तर गुरुजींना सोपं गेलं असतं. "बारा वर्सं मी इचार करतोय गुरुजी, घातली का न्हाई? मला आटवायचं, घातली. पर तुमच्यासारका मानूस खोटं कशाला बोलंल? मग मला माजाच हात खोटा वाटाय लागला. गाडी सोडा, खुरप्याची मूठ बसवली तरी धा-धा डाव हालवून बगतो. बायकू हासती."

गुरुजींना वाटलं होतं, आपण त्याचं दुकान नेलं. दुकान तर काहीच नव्हतं. माणसाचा स्वतःच्या हातावरचा विश्वास त्यांनी नेला होता, आणि तो परत आणून द्यायला त्यांच्या खिशात काही नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. ते पुसायलाही त्यांना लाज वाटली.

"सिद्राम, ही पिन तू घाल. तुझ्या हाताने."

सिद्रामने पाटाकडे पाहिलं. "आज हत्यारं बसल्यात. आज उचलत न्हाई."

गुरुजींनी मान हलवली. बरोबरच होतं. त्यांनी फटफटीचं हँडल धरलं आणि ती वळवू लागले.

"ऱ्हाऊ दे हितंच," मागून सिद्राम म्हणाला. "बिनपिनंची कुटं ढकलत न्हेतासा परत? उद्या या. वैनींनाबी घेऊन या, हळूहळू चालत. त्यांच्या डोळ्यांदेखत घालतो."

मग त्याने पाटावर जागा केली. घणाला हळदकुंकू लावलं, हातोडीला लावलं, सांडशीला, छिन्नीला, पान्यांना लावलं. पकडीच्या शेजारी ती पितळी पिन ठेवली, आणि तिलाही बोटाच्या टोकाने एवढीशी हळद, एवढंसं कुंकू लावलं. गुरुजी उन्हात उभे राहून बघत होते. त्यांना कुणी बस म्हटलं नव्हतं आणि त्यांनाही बसायचं नव्हतं.

परतताना दुपार कलली होती. हात मोकळे होते, डोकं बोडकं होतं, टोपी खिशात होती. पारावरची मंडळी अजून तिथेच होती. शेवटी आनंदानेच धीर केला.

"गुरुजी, गाडी कुटं ठेवलासा?"

गुरुजी थांबले. ज्या आवाजात त्यांनी चाळीस वर्षं पाढे म्हणून घेतले, शेवटच्या बाकावरच्या पोरालाही ऐकू जाईल असा तो आवाज त्यांनी लावला.

"सिद्राम मिस्त्रींकडे."

आणि ते चालू लागले. समोर गल्लीभर झेंडूच्या पाकळ्या पडल्या होत्या, पिवळी, केशरी, पुन्हा पिवळी, लोहाराच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत. ज्या वाटेने ते मान खाली घालून आले होते तीच वाट, तेच आश्विनाचं ऊन, त्याच पाकळ्या. गुरुजी मान खाली घालूनच परतले. एकाही पाकळीवर पाय पडू न देता.